विश्लेषण : सेंट लुईस कार्डिनल्सच्या पराभवांचे खापर कॅचरवर का फुटले?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. २०२३ च्या मे महिन्यात सेंट लुईस कार्डिनल्सचे त्यातले जेमतेम ३४ सामने झाले होते आणि त्यापैकी २४ त्यांनी गमावले होते. त्याच सुमारास संघाने एक निर्णय जाहीर केला आणि चाहत्यांमध्ये मोठा वाद पेटला. पाच महिन्यांपूर्वी पाच वर्षांसाठी ८ कोटी ७५ लाख डॉलर मोजून आणलेला कॅचर विल्सन कॉन्ट्रेरास यापुढे काही काळ कॅचर म्हणून खेळणार नाही, असा तो निर्णय होता. दहा दिवसांच्या आत तो मागे घेतला गेला. पण चूक कॅचरची होती, क्षेत्ररक्षकांची, पिचरची की संघ बांधणाऱ्यांची, हा वाद सेंट लुईसमध्ये पुढची दोन-तीन वर्षे चालू राहिला.

या संघाच्या पराभवाचा एवढा गाजावाजा का?

मिसिसिपी नदीकाठच्या या शहराच्या संघाने ‘वर्ल्ड सीरिज’ ११ वेळा जिंकली आहे. त्यांच्यापुढे फक्त न्यूयॉर्क यांकीज आहेत, २७ विजेतेपदांसह. २०२२ मध्ये कार्डिनल्सने ९३ सामने जिंकून आपल्या गटात पहिले स्थान मिळवले होते. जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त, असा हंगाम त्यांनी २००७ नंतर पाहिलाच नव्हता.

मुंबईच्या क्रिकेटला जशी ‘खडूस’ ही ओळख चिकटली आहे, तशी या संघाला ‘कार्डिनल वे’. म्हणजे खेळाची मूलतत्त्वे घोटून घेतलेला संघ. चेंडू योग्य बेसकडे फेकणे, सहकाऱ्याच्या मागे आधाराला धावणे, फुकटची धाव न देणे. २०२१ मध्ये उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाची ‘गोल्ड ग्लव्ह’ पारितोषिके या एकाच संघातील पाच जणांना मिळाली. त्याआधी कोणत्याही संघाला एका हंगामात हे जमले नव्हते. फलंदाजी आटली तर इथला प्रेक्षक एकवेळ सबुरीने घेतो. मात्र सोपा चेंडू हातातून सुटला, की तो घरच्या रीतीलाच बट्टा लागल्यासारखा चिडतो.

कॅचर म्हणजे बेसबॉलचा यष्टिरक्षकच ना?

उभा राहतो त्याच जागी, पण कामे कितीतरी जास्त. पिचरने कोणता चेंडू टाकायचा, वेगवान की वळणारा, आत की बाहेर, हे बहुतेक वेळा कॅचर सुचवतो. पूर्वी तो बोटांच्या खुणा करत असे. २०२२ पासून मनगटावरच्या किंवा गुडघ्याजवळच्या छोट्या यंत्राची बटणे दाबून तो पिचरच्या कानात सूचना पोहोचवू शकतो. प्रतिस्पर्धी संघाच्या प्रत्येक फलंदाजाचा अभ्यास त्याला करावा लागतो आणि आपल्या डझनभर पिचरचे स्वभावही त्याच्या डोक्यात असावे लागतात. धावणारा गडी दुसरा बेस चोरू पाहत असेल तर गुडघ्यांवरून उठून क्षणात तिथवर फेक करावी लागते. याशिवाय ‘फ्रेमिंग’ नावाची एक कला आहे. सीमारेषेवरचा चेंडू हात न हलवता इतक्या सफाईने झेलायचा, की पंचाने तो ‘स्ट्राइक’ ठरवावा. क्रिकेटमध्ये याला जोड नाही. पायचीतचे अपील त्याच्या जवळपास जाते, पण कॅचर हे काम गाजावाजा न करता करतो.

कार्डिनल्ससाठी १९ हंगाम ही सगळी कामे यादिएर मोलिनाने केली. नऊ गोल्ड ग्लव्ह, दोन विश्वविजेतेपदे आणि पिचरचा त्याच्यावर डोळे मिटून विश्वास. २०२२ च्या अखेरीस तो निवृत्त झाला आणि त्या जागी आला कॉन्ट्रेरास. तोही कट्टर प्रतिस्पर्धी शिकागो कब्जमधून. कॉन्ट्रेरासची ख्याती वेगळी होती. ताकदीची फलंदाजी, तोफेसारखी फेक, तापट स्वभाव. फ्रेमिंग आणि चेंडूंची आखणी या बाबतीत मात्र त्याला कोणी मोलिनाच्या पंक्तीला बसवत नव्हते.

धोनीनंतर यष्ट्यांमागे उभ्या राहिलेल्या ऋषभ पंतची अवस्था आठवली, तर हे लगेच लक्षात येईल. मार्च २०१९ मध्ये मोहालीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध पंतकडून यष्टिचीतची संधी हुकली आणि प्रेक्षकांतून ‘धोनी, धोनी’चा गजर सुरू झाला. पंतची तुलना त्या दिवशी खेळतही नसलेल्या माणसाशी होत होती. सेंट लुईसमध्ये कॉन्ट्रेरासचेही तसेच झाले.

मग त्याला हटवण्याचे कारण काय दिले गेले?

संघाचे सर्वेसर्वा जॉन मोझेलियाक आणि व्यवस्थापक ऑली मार्मोल (बेसबॉलमधला व्यवस्थापक म्हणजे आपल्याकडचा मुख्य प्रशिक्षक) यांचे म्हणणे असे होते, की नव्या पिचरताफ्याशी जुळवून घेण्यासाठी आणि सामन्याची आखणी शिकण्यासाठी कॉन्ट्रेरासला वेळ हवा. तोवर तो फक्त फलंदाजी करणारा ‘डेझिग्नेटेड हिटर’ म्हणून खेळेल. सुरुवातीला आउटफिल्डचाही उल्लेख झाला, पण तो लगेच बारगळला. कॅचरची जबाबदारी मुख्यत्वे अँड्र्यू निझनरकडे गेली. त्याच आठवड्यात संघ शिकागोला गेला. ज्या रिग्ली फील्डवर कॉन्ट्रेरासने कारकीर्द घडवली होती, तिथे तो आपले मूळ काम काढून घेतलेला खेळाडू म्हणून उतरला. ३० वर्षांच्या खेळाडूला याहून जाहीर अपमान दुसरा कोणता!

चाहत्यांमधल्या एका गटाला हा निर्णय पटला. निझनर कॅचर असताना प्रतिस्पर्ध्यांच्या धावा कमी होतात आणि कॉन्ट्रेरास असताना जास्त, असे आकडे त्यांनी पुढे केले. बेसबॉलमध्ये असा आकडा खरोखरच ठेवला जातो. पण तो फसवा आहे. केवळ बुमराच्या षटकांत यष्ट्यांमागे उभा राहणारा कीपर कागदावर जगातला सर्वोत्तम ठरेल, तसेच हे. कोणत्या पिचरसोबत, कोणत्या संघासमोर आणि किती सामने, यावर तो अवलंबून असतो. एप्रिलभरातल्या मोजक्या सामन्यांवरून त्यातून काही निष्कर्ष काढणे धाडसाचेच होते.

दुसऱ्या गटाचा प्रश्न अधिक टोकदार होता. कॉन्ट्रेरास २०१६ पासून कब्जकडून खेळत होता आणि कब्ज व कार्डिनल्स एकाच गटात असल्याने दरवर्षी अनेकदा समोरासमोर येत. त्याचे फ्रेमिंग, त्याची आखणी, त्याचा स्वभाव हे सगळे कार्डिनल्सने सात वर्षे जवळून पाहिले होते. तेव्हा दिसले नाही ते करार झाल्यावर हंगामाच्या पहिल्या पाच आठवड्यांत कसे दिसले?

१५ मे रोजी मिलवॉकी ब्रूअर्सविरुद्ध कॉन्ट्रेरास पुन्हा कॅचर म्हणून उतरला. कार्डिनल्सने तो सामना १८-१ असा जिंकला. अर्थात त्यावरूनही काही सिद्ध होत नाही.

क्षेत्ररक्षण खराब आहे हे ठरवायचे कसे?

वादाचे खरे मूळ इथे आहे. बेसबॉलच्या धावफलकावर धावा आणि फटके यांच्यासोबत ‘एरर’ म्हणजे चुकांचा स्वतंत्र रकाना असतो. सर्वसाधारण प्रयत्नात जो चेंडू अडवता किंवा झेलता आला असता तो सुटला, तर अधिकृत गुणलेखक क्षेत्ररक्षकाच्या नावावर चूक लिहितो. गोम अशी, की चेंडूपर्यंत पोहोचलाच नाही त्याच्या नावावर चूक सहसा लागत नाही. दहा पावले धावून हात लावणारा आणि मग चेंडू निसटणारा चपळ गडी दोषी ठरतो. जागेवर उभा राहून चेंडू जाऊ देणारा सुस्त गडी कागदावर स्वच्छ राहतो.

एकनाथ सोलकरांचे २७ कसोटींतले ५३ झेल धावफलकात सापडतात. पण ते फॉरवर्ड शॉर्ट लेगला इतक्या जवळ उभे राहिले नसते, तर त्यातले कितीतरी झेल ‘झेल’ ठरलेच नसते. ते चेंडू जमिनीवर पडले असते आणि कोणालाच दोष लागला नसता. क्षेत्ररक्षणातला हा न दिसणारा भाग मोजण्याचा प्रयत्न बेसबॉलने गेल्या दोन दशकांत केला. मैदानातील कॅमेऱ्यांच्या मदतीने चेंडू किती वेगाने आणि कुठे गेला, क्षेत्ररक्षक कुठून किती अंतर धावला, हे आता नोंदवले जाते. त्यावरून अमुक चेंडू सरासरी खेळाडूने अडवण्याची शक्यता किती होती ते काढतात आणि त्यापेक्षा किती जास्त किंवा कमी गडी बाद केले त्याची बेरीज करतात. याला ‘आउट्स अबव्ह ॲव्हरेज’ म्हणतात. क्षेत्ररक्षकाने किती धावा वाचवल्या, याचा हिशेब लावणारीही वेगळी मोजमापे आहेत. त्यांचे निकाल नेहमी जुळतात असे नाही. त्यामुळे प्रत्येक चाहत्याला आपल्या बाजूचा एक आकडा हमखास मिळतो, आणि वाद मिटण्याऐवजी वाढतो.

२०२३ मध्ये नियमही बदलले. दुसऱ्या बेसच्या प्रत्येक बाजूला दोन इनफिल्डर हवेत आणि चौघांचेही पाय मातीवर हवेत, असे बंधन आले. त्याआधी संघ फलंदाजाच्या सवयीनुसार तीन-तीन गडी एकाच बाजूला उभे करत. म्हणजे चुकीची चपळाई योग्य जागा निवडून झाकता येत होती. आता ते पांघरूण निघाले. बेस १५ इंचांवरून १८ इंच झाले, पिचरने बेसकडे वळण्यावर मर्यादा आली आणि बेस चोरण्याचे प्रमाण लीगमध्ये एका वर्षात सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. नव्या कॅचरसाठी याहून वाईट वर्ष शोधून सापडले नसते.

गडी आपापल्या जागेवर होते का?

नव्हते, आणि चाहत्यांचा राग सर्वात रास्त असेल तर तो इथे. २०२१ च्या त्या पाच गोल्ड ग्लव्ह विजेत्यांपैकी सेंटर फील्डचा हॅरिसन बेडर ऑगस्ट २०२२ मध्ये यांकीजला देऊन कार्डिनल्सने डावखुरा पिचर जॉर्डन माँटगोमेरी घेतला होता. सौदा वाईट नव्हता, कारण पिचर हवाच होता. पण सेंटर फील्ड मोकळे पडले. तिथे लेफ्ट फील्डचा गोल्ड ग्लव्ह विजेता टायलर ओनील आणला गेला. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात अटलांटाविरुद्ध तो होम प्लेटवर धावबाद झाला. त्याने पुरेसा जोर लावला नाही, असे मार्मोल जाहीरपणे बोलले आणि दुसऱ्या दिवशी त्याला बसवले. दुसऱ्या बेसवर गोल्ड ग्लव्ह मिळवलेला टॉमी एडमन त्या वर्षी शॉर्टस्टॉप, दुसरा बेस आणि सेंटर फील्ड असा तिन्हीकडे फिरला. मुळात तिसऱ्या बेसचा खेळाडू असलेला नोलन गोरमन दुसऱ्या बेसवर उभा होता, कारण तिसऱ्या बेसवर नोलन अरेनाडो होता. सलग दहा गोल्ड ग्लव्ह मिळवलेल्या अरेनाडोची ती मालिकाही नेमकी त्याच वर्षी खंडित झाली.

आणि जॉर्डन वॉकर. वीस वर्षांचा, सहा फूट पाच इंचांचा हा मुलगाही मूळचा तिसऱ्या बेसचाच. अरेनाडोमुळे त्याला आउटफिल्ड शिकवले गेले आणि वर्षभराच्या आत थेट मेजर लीगमध्ये उतरवले. त्याने पहिल्या बारा सामन्यांत प्रत्येकात किमान एक फटका मारला. विसाव्या वर्षी किंवा त्याआधी पदार्पण करणाऱ्यांत शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच्या विक्रमाची ती बरोबरी होती. पण उंच उडालेल्या चेंडूखाली धावताना तो चाचपडत होता. एप्रिल संपण्याआधी त्याला मेम्फिसच्या दुय्यम संघात पाठवले गेले, जूनमध्ये परत आणले गेले. हंगामअखेरीस राइट फील्डच्या मोजमापांत तो तळाच्या खेळाडूंत होता.

मेजर लीगच्या नियमानुसार सामन्यासाठी उपलब्ध यादी २६ जणांची असते. त्यात निम्मे पिचर. उरलेल्या तेरांत कोण कुठे, हे ठरवताना कार्डिनल्सने बॅट पाहिली आणि हातमोजा दुय्यम मानला. एकेक निर्णय वेगळा पाहिला तर समजण्यासारखा होता. पण सगळे एकत्र मांडले, की ज्या संघाची ओळखच क्षेत्ररक्षण होती त्याच्या मैदानात अर्धा डझन जण परक्या जागी उभे होते.

पण खरी कमतरता पिचिंगची होती का?

पुरावा तिकडेच बोट दाखवतो. व्होरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने २००१ मध्ये एक मुद्दा मांडला आणि बेसबॉलचा विचारच बदलला. पिचरच्या हातात मुख्यतः तीन गोष्टी असतात : फलंदाजाला स्ट्राइकवर बाद करणे, फुकटचा बेस न देणे आणि होम रन टाळणे. चेंडू बॅटला लागून मैदानात पडला, की त्याचे पुढे काय होते यावर पिचरचे नियंत्रण फार थोडे. त्यानंतर मुद्द्यात दुरुस्त्या झाल्या, गाभा टिकला.

कार्डिनल्सचा ताफा मात्र वर्षानुवर्षे उलट पद्धतीने बांधलेला होता. फलंदाजाला चेंडू मारू द्या, मागे पाच गोल्ड ग्लव्ह आहेत. २०२१ मध्ये हे गणित चपखल बसले. मागचे क्षेत्ररक्षण विस्कटले, शिफ्टवर बंधन आले आणि तेच जमिनीवरचे चेंडू फटी शोधू लागले. कॅचरने कितीही हुशारीने चेंडू मागवला तरी फलंदाजाला चुकवण्याची ताकद पिचरच्या हातात हवी. ती सुचवून येत नाही. संघाचा लाडका ज्येष्ठ पिचर ॲडम वेनराइट अखेरच्या हंगामात ५ विजय आणि ११ पराभवांवर थांबला. त्याच्या चेंडूंवर दर नऊ डावांमागे ७.४० धावा निघाल्या. त्यातच त्याने कारकिर्दीतला २०० वा विजय मिळवला, ही त्या वर्षातली एकमेव गोड आठवण म्हणावी लागेल.

आदल्या हिवाळ्यात संघाने एकही नवा सुरुवातीचा पिचर करारबद्ध केला नव्हता. मोठी खरेदी एकच, कॉन्ट्रेरास. म्हणजे घरातली तूट एका जागी आणि खर्च दुसऱ्या जागी. मग तूट अंगाशी आल्यावर ज्याच्यावर खर्च केला त्यालाच जाब विचारला गेला. वड्याचे तेल वांग्यावर काढण्याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

चाहते आणखी मागे गेले. सँडी अल्कांतारा आणि झॅक गॅलन या दोन तरुण पिचरना कार्डिनल्सने डिसेंबर २०१७ मध्ये मार्सेल ओझुनाच्या बदल्यात मायामीला दिले होते. अल्कांतारा २०२२ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला. अडोलिस गार्सियाला रोख रकमेवर टेक्सासला विकले, रँडी अरोझारेनाला टँपा बेला दिले. दोघेही पुढे आपापल्या लीगच्या अंतिम फेरीत सर्वोत्तम खेळाडू ठरले. परिणाम असा, की २०२३ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये टेक्सासकडून गार्सिया होता, ॲरिझोनाकडून गॅलन होता, आणि जुलैअखेरीस कार्डिनल्सने हात टेकून विकलेला माँटगोमेरीही टेक्सासकडूनच खेळत होता. टेक्सास जिंकले. सेंट लुईसचे प्रेक्षक दूरचित्रवाणीवर आपलीच माणसे दुसऱ्यांच्या गणवेशात पाहत होते.

त्यानंतर काय घडले?

कार्डिनल्सने ७१ विजय आणि ९१ पराभवांसह गटात शेवटचे स्थान ‘मिळवले’. १९९० नंतर प्रथमच. कॉन्ट्रेरासने .२६४ ची सरासरी आणि २० होम रन केले, म्हणजे ज्यासाठी आणले होते ते काम त्याने चोख केले. नोव्हेंबरमध्ये संघाने एका महिन्यात तीन सुरुवातीचे पिचर घेतले : सनी ग्रे, लान्स लिन आणि काइल गिब्सन. मोझेलियाक यांनी तोंडाने काहीही म्हटले असेल, या तीन सह्या पुरेशा बोलक्या होत्या.

कॉन्ट्रेरासने टीका मनावर घेतली. खालच्या टोकाचे चेंडू अधिक सफाईने झेलता यावेत म्हणून तो प्लेटच्या आणखी जवळ बसू लागला. ७ मे २०२४ रोजी न्यूयॉर्क मेट्सच्या जे. डी. मार्टिनेझची फिरती बॅट त्याच्या डाव्या हातावर आदळली आणि हाड मोडले. २०२५ मध्ये पॉल गोल्डश्मिट यांकीजकडे गेल्यावर कार्डिनल्सने कॉन्ट्रेरासला पहिल्या बेसवर नेले आणि कॅचरची जागा पेड्रो पाहेस आणि इव्हान हेरेरा या तरुणांसाठी मोकळी केली. मे २०२३ मध्ये नऊ दिवसांसाठी काढून घेतलेली जागा या वेळी त्याने कायमची सोडली.

प्रेक्षकांनीही आपला निर्णय दिला. पराभवाच्या त्या २०२३ च्या हंगामातसुद्धा बुश स्टेडियममध्ये ३२ लाखांहून अधिक तिकिटे खपली होती. २०२४ मध्ये संघ ८३ सामने जिंकला, तरी आकडा ३० लाखांच्या खाली आला. २०२५ मध्ये तो साडेबावीस लाखांच्या आसपास होता. २००६ मध्ये हे मैदान सुरू झाल्यापासून सामान्य हंगामात इतकी कमी गर्दी कधीच नव्हती. त्या हंगामानंतर मोझेलियाक पायउतार झाले आणि सूत्रे शाइम ब्लूम यांच्याकडे आली. जॉर्डन वॉकरला कुठे उभे करायचे, हा प्रश्नही त्यांच्याकडे वारशाने आला.